केलडी, वाल आणि नवऱ्याचं धोतर

शहरातल्या माणसाला सगळीच माकडं. आमच्याकडे तसं बोलून चालत नाही, कारण शेतात कोण शिरलं त्यावर नुकसान किती ते ठरतं. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांबलचक शेपटीचं. ते पाला खातं, चार शेंगा खातं आणि पोट भरलं की झाडावर जाऊन बसतं. केलडं म्हणजे लालसर तोंडाचं, अंगानं लहान, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं. ते खातं थोडं आणि नासतं फार. शेंग तोडायची, एक चावा घ्यायचा, टाकायची, दुसरी तोडायची. त्याच्या गालांत पिशव्या असतात. हाकललं तर त्या भरून पळतं आणि झाडावर बसून निवांत खातं. वानराला त्या पिशव्या नाहीत. हे मला कोणी शिकवलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि आमच्या पुस्तकात जे माकडाचं चित्र होतं त्याचं तोंड वानराचं आणि रंग केलड्याचा होता.

माझं लग्न होऊन मी बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावर आले ती स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी. घर डोंगराच्या पायथ्याशी आणि शेत हाकेच्या अंतरावर, ओढ्याकाठी. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. घरात सासरे, सासू, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूला आत्या.

दुसऱ्या वर्षी नवरा अंबरनाथला कारखान्यात लागला. पाड्यावरचे निम्मे बाप्ये तेव्हा असेच गेले, कोणी अंबरनाथला, कोणी शहाडला. बाप्या म्हणजे आमच्याकडे पुरुष. नवरा तिथेच चौघांबरोबर एका खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मामांना दमा होता. ते ओटीवर बसून असायचे, दहा पावलं चालले की थांबायचे. दिवसा शेतावर बाई सोडून कोणी नाही, अशी सगळ्या पाड्याची तऱ्हा झाली.

हे सगळ्यांत आधी केलड्यांना कळलं.

पूर्वीही ती यायची, पण ओढ्यापलीकडच्या उंबरावर बसून राहायची. आता ती बांधावर येऊन बसायला लागली. मी ओरडले तर माझ्याकडे बघायची. दगड मारला तर दगड कुठे पडतो ते बघायची. एकदा त्यांच्यातला थोरला नर सरळ माझ्याकडे चालत आला, दात दाखवले आणि माझी भाकरीची पुरचुंडी उचलून घेऊन गेला. मी मागे सरले होते. ते त्याने पाहिलं आणि पुढच्या दिवसापासून टोळीतली पोरंटोरंही मला भिईनाशी झाली. नवरा सुट्टीला आला आणि शेतात नुसता फेरी मारून आला, त्या दिवशी एकही केलडं ओढा ओलांडून आलं नाही. तो मला म्हणाला, तू उगीच सांगतेस, कुठे आहेत केलडी?

त्या वर्षी घरी आलेल्या वालातून पुढच्या पेरणीचं बियाणंसुद्धा निघालं नाही.

भात मजूर लावून करायचं, त्यात काही उरत नव्हतं. घराला आधार होता तो वालाचा. तेव्हा मामांनी ठरवलं की शेत गवताला द्यायचं. बदलापूरला गवताच्या वखारी होत्या. वखारवाला शेत घ्यायचा, तिथे नुसतं गवत वाढायचं, त्याची माणसं येऊन कापून न्यायची. मालकाने हात लावायचा नाही. मामा मला म्हणाले, तू अंबरनाथला जा, त्याला भाकरी कर. आम्ही दोघं इथे काय असेल त्यात भागवू.

मला जायचं नव्हतं. मी ती खोली पाहिली होती. तिथे उभं राहिलं तर छप्पर डोक्याला लागायचं आणि खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसायची. मी मामांना म्हटलं, मला एक साल द्या. या साली घरापुरते वाल आणि बियाणं घरात आलं नाही तर मी अंबरनाथला जाते. त्यांनी बराच वेळ दम खाल्ला आणि म्हणाले, होळीपर्यंत. वखारवाला होळीनंतर येईल. आत्यांना माझं बोलणं आवडलं नाही ते भांड्यांच्या आवाजावरून कळलं.

उसनं बियाणं आणून वाल पेरले, उगवले, फुलावर आले. केलडीही आली. मी विचार केला की ही बाईला भीत नाहीत आणि बाप्याला भितात, तर बाप्या म्हणजे त्यांच्या लेखी काय? आम्हाला लांबून बाप्या ओळखू येतो तो कपड्यावरून. म्हणून नवऱ्याचं जुनं धोतर काढलं, बंडी घातली, टोपीत केस कोंबले आणि शेतावर गेले. वाटेत शेजारीण भेटली. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "काय भावोजी, आज कामावर नाय गेलाव?" त्या दिवसापासून पाड्यातल्या बायका मला भावोजीच म्हणायच्या. पाणवठ्यावर गेले की म्हणायच्या, सरा गं, भावोजींना आधी भरू द्या.

पहिल्या दिवशी केलडी पळाली. दुसऱ्या दिवशी उंबरावरच बसली. तिसऱ्या दिवशी थोरला बांधापर्यंत आला आणि माझ्याकडे बघत बसला. चौथ्या दिवशी तो खाली उतरला, माझ्यापासून दोन वाफे सोडून बसला आणि शेंगा तोडायला लागला. मागोमाग सगळी टोळी. धोतर नेसून, खुरपं हातात घेऊन मी तिथे तशीच वाकलेली. माणसाला फसवायला धोतर पुरलं असतं. लांबून जाणाऱ्या एका माणसाने मला रामराम घातला होता. केलड्याला ते तीन दिवसच पुरलं.

मी धोतर घडी करून ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट बघायला लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बघितलं तर त्यांचं आमच्यासारखंच होतं. आधी थोरला खाणार, मग बाकीचे नर, मग बाया, आमच्या घरात वाढायचो तसंच. दुपारी बाया एकमेकींच्या डोक्यात उवा बघत बसायच्या आणि ज्या दोघींचं पटत नाही त्या पाठीला पाठ लावून बसायच्या. एकीचं पिल्लू मेलं होतं तर ती ते चार दिवस काखेत वागवत होती, वास सुटला तरी. मग एका सकाळी ते तिच्याजवळ नव्हतं आणि ती शेंगा खात होती. फरक एवढाच दिसला की उद्याचं कोणी काही ठेवत नाही. गालात मावेल तेवढं त्यांचं. आम्हाला कणगी लागते, म्हणून आमचं भांडण.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाची जत्रा असते. नवऱ्याने निरोप धाडला की ये. मी शेत सोडून जायला तयार नव्हते, शेंगा भरत आल्या होत्या. मामा म्हणाले, जा, मी बसतो. ते सकाळी काठी टेकत शेतावर गेले, बांधावर घोंगडी टाकून बसले आणि दिवसभर बसून राहिले. खोकायचे, विडी ओढायचे, पुन्हा खोकायचे. दगड उचलायची ताकद त्यांच्यात नव्हती. संध्याकाळी मी घाबरत घाबरत परत आले तर एका शेंगेलाही दात लागला नव्हता. ते म्हणाले, उंबरावर बसली होती, खाली नाही आली. मला राग आला. ओरडून घसा बसला होता माझा, आणि यांनी नुसतं बसून शेत राखलं होतं.

पण त्या दिवशी जत्रेत जे पाहिलं ते आधी सांगते. देवळाच्या पलीकडे एका लहान सर्कशीचा तंबू होता. आत वनमाणूस आहे म्हणून एक माणूस बाहेर ओरडत होता. आम्ही आत गेलो. बायकांची बाजू वेगळी होती. माझ्याशेजारी उल्हासनगरच्या कॅम्पातली एक सिंधी बाई होती. पायांत पांढरी सुथण, वर झगा, डोक्यावर ओढणी. फाळणीत सगळं सोडून आलेल्या लोकांपैकी. तिने मला जागा करून दिली.

वनमाणसाला पँट आणि शर्ट घातला होता. तो स्टुलावर बसून केळं सोलत होता. मी त्याचे हात बघितले. नखं आपल्यासारखी चपटी. तळहातावर रेघा. कान तर आमच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचेच. केलड्याची छाती कुत्र्यासारखी दोन्ही बाजूंनी दाबलेली असते. याची समोरून रुंद होती, खांदे बाजूला काढलेले, माणसासारखे. हात मात्र फार लांब आणि पाय आखूड. शेपूट कुठे लपवलं ते मला दिसेना. पँटमध्ये असेल म्हणून मी शेजारणीला मोडक्या हिंदीत विचारलं की शेपूट किधर है.

ती म्हणाली, "इसको पूँछ होती ही नहीं. हमको भी होती तो उधर ही छूट जाती."

आजूबाजूच्या तिच्या बायका हसल्या. तिला हसू आलं नव्हतं. मग राखणदाराने काठी आपटली आणि वनमाणूस स्टुलावरून उठून दोन पायांवर ताठ उभा राहिला. उंचीने तो माझ्या कमरेच्या थोडा वर. पण तंबूतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. पुढे कारखान्यातले धट्टेकट्टे बाप्ये होते, तेही सरले. मग तो खाली वाकला, हाताची बोटं मुडपून जमिनीला टेकली आणि तसाच चालायला लागला. तेव्हा लोक हसले, कोणीतरी शेंगदाणे फेकले. जनावर तेच, पँटही तीच. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. फक्त लक्षात राहिलं.

दोन दिवसांनी दुपारी मी शेतात खुरपं घेऊन गवत काढत होते. वालात गवत माजलं होतं आणि म्हशीलाही चारा लागायचा. सकाळपासून वाकून कंबर धरली म्हणून मी उभी राहिले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पाठ मागे ताणली. त्याच वेळी आत्या पाणी घेऊन आल्या. त्यांनी मला तसं पाहिलं आणि बांधावरूनच म्हणाल्या, "बाप्यासारखी उभी काय राहिलीस? वाक जरा."

मी ओढ्याकडे बघत होते. टोळी ओढा ओलांडून निम्म्या वाटेवर आली होती. ती तिथे थांबली होती. थोरला एक हात वर धरून थबकला होता. मी मुद्दाम वाकले. तो दोन पावलं पुढे आला. मी उभी राहिले. तो थांबला. आत्या म्हणाल्या, काय ऊठबस चालवलीस? मी म्हटलं, थांबा जरा. पुन्हा वाकले, तो आला. पुन्हा उभी राहिले, तो खाली बसला आणि दुसरीकडे बघतोय असं दाखवायला लागला.

धोतर नेसूनही मी चार दिवस वाकून गवतच काढत होते. बाप्या शेतात येतो तो नांगराला, नाहीतर बांधावर उभं राहून काय झालंय ते बघायला. वाकून खुरपं चालवणारा बाप्या त्या केलड्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. आणि मामा बसून होते खरे, पण दम्यामुळे ते कायम ताठच बसायचे, तोंड वर करून.

मी आत्यांना सांगितलं की उद्यापासून मी शेतात नुसती उभी राहणार. त्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. तरणीताठी सून दिवसभर उभी राहणार, मग गवत कोण काढणार, लाकडं कोण आणणार, पाड्यातली माणसं काय म्हणतील? मी म्हटलं, माणसं भावोजी म्हणतातच आहेत. त्यांनी मामांकडे तक्रार नेली. मामा म्हणाले, होळीपर्यंत तिचं राज्य आहे.

मग मी उभी राहिले. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आम्हाला वाकायची सवय असते, उभं राहिलं की हातांचं काय करावं ते कळत नाही. दोन दिवसांत माझे पाय सुजले. माहेरी भाताची पाखरं राखताना मी गोफण शिकले होते, ती वळून घेतली. बाई दगड मारते तो कोपरातून, घाईत, आणि मारला की मागे सरते. मी खांद्यातून मारायला लागले आणि मारला की एक पाऊल पुढे टाकायला लागले. एक दगड थोरल्याच्या मांडीला बसला. तो लंगडत गेला. मला वाईट वाटलं नाही. मारुतीचं जनावर म्हणून पाड्यात कुजबुज झाली, पण त्यांचेही वाल खाल्ले जात होते, म्हणून ती कुजबुजच राहिली. मामांनी एवढंच सांगितलं की शनिवारी दगड उचलायचा नाही. मी हो म्हटलं.

शेतात गवत वाढत चाललं. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर आत्या खुरपं घेऊन माझ्याआधी वाफ्यात बसलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तुझ्या बापाने नोकर पाठवलाय समज.

असे आणखी चार-पाच दिवस गेले. शेंगा वाळायला लागल्या होत्या. आणखी थोडे दिवस निभावले की काढणी. आणि शनिवारी थोरला आला.

तो एकटा पुढे आला, बाकीची बांधावर बसून बघत होती. मी साडीत होते, हात रिकामे, गोफण घरी. आत्या माझ्या मागे वाफ्यात वाकलेल्या. त्याला बहुधा त्याच दिसत होत्या. तो माझ्यापासून नांगरभर अंतरावर येऊन थांबला, ओठ मागे ओढले आणि दात दाखवले. केलड्याचे सुळे कुत्र्याएवढे असतात. आमच्या पाड्यात एका बाईच्या पोटरीचा लचका त्याने तोडला होता. माझ्या पायाने आपोआप मागे जायला सुरुवात केली. टाच उचलली गेली ते मला समजलं.

मागून आत्या हळूच म्हणाल्या, "मागं नको सरू."

मी टाच टेकवली. मग दुसरा पाय पुढे टाकला. आवाज काढला नाही, हात उचलला नाही. त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि अजून एक पाऊल टाकलं. माझ्या मागे सळसळ झाली. वळून बघायची सोय नव्हती, पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि पुन्हा माझ्यावर आली. तो खाली बसला. मांडी खाजवली, उगीचच. जांभई दिली. मग उठला आणि घाई नसल्यासारखा चालत बांधावर गेला. टोळी त्याच्याआधीच ओढ्यात उतरली होती.

मागे वळले तर आत्या उभ्या होत्या. खुरपं हातात, कंबर पूर्ण ताठ. लग्न होऊन आल्यापासून शेतात त्यांना तसं मी प्रथमच पाहत होते. उंचीने त्या माझ्याहून चांगल्या वीतभर जास्त होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, घरी सांगू नको मी काम टाकून उभी होते म्हणून.

होळीच्या आधी वाल काढले, खळ्यावर वाळवले, झोडले. घरापुरते झाले, बियाण्याचे वेगळे राख लावून मडक्यात भरले आणि एक गोणी उरली. नवरा सुट्टीला आला तेव्हा मी त्याला ती गोणी उचलायला लावली. तो म्हणाला, चांगले झाले या साली, केलडी आली नाहीत वाटतं. आत्या चुलीपुढून म्हणाल्या, आली असती, तुझी बायको आडवी आली.

वखारवाला होळीनंतर आठवड्याने आला. मामा ओटीवर होते. त्याने कागद काढला, शेत केवढं ते विचारलं. मामांनी दम घेतला आणि मला आतून हाक मारली. मी दारात आले. मामा त्याला म्हणाले, शेतावर ही असते, हिला विचारा.

मी म्हटलं, शेत द्यायचं नाही.

तो मामांकडे बघत राहिला. मामा विडी पेटवत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यात उभी होते, तशीच उभी राहिले. त्याने कागदाची घडी केली, पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर बदलापूरच्या वाटेला लागला.